भिंत का पडते? लातूरची घरे आणि विनयातील ‘नवकम्म’

इमारतीविषयी बोलताना आपल्याकडे तिची उंची, तिचा खर्च आणि तिचा देखणेपणा यांची चर्चा होते. ती किती काळ उभी राहील आणि पडली तर कोणाच्या अंगावर पडेल, हा प्रश्न मात्र सहसा दुर्घटनेनंतरच विचारला जातो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे विचारला गेला. त्यानंतर तीन दशके उलटली आहेत. या काळात खेड्यातील घर माळवदाकडून स्लॅबकडे गेले, लातूर शहर आडवे वाढता वाढता उभे वाढू लागले आणि आपल्या वस्त्यांतील विहारांवरही मजले चढू लागले. घर बांधण्याची रीत बदलली. परंतु बांधणाऱ्याला योग्य वेळी योग्य सल्ला मिळण्याची व्यवस्था बदलली काय, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात माळवदाच्या घरापासून उंच इमारतीपर्यंत आणि तेथून सार्वजनिक जागांपर्यंत या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी विनयपिटकातील दोन प्रसंगांचा आधार घेतला आहे, कारण इमारत पडण्याची जी दोन प्रमुख कारणे स्थापत्यशास्त्र सांगते, ती या दोन प्रसंगांत स्पष्टपणे आढळतात.

विनयपिटकातील दोन पडझडी

चुल्लवग्गातील ‘सेनासनक्खंधक’ हे प्रकरण भिक्खूंच्या निवासाविषयी आहे. प्रारंभी भिक्खू अरण्यात, वृक्षातळी, डोंगरकपारीत, स्मशानात राहत असत. राजगृहाच्या श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा भगवंतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. यांपैकी पासाद ही मजल्यांची उंच वास्तू होय. म्हणजे उंच इमारतीला विनयात मनाई नव्हती.

पुढील नियम कसे घडत गेले, हे पाहण्यासारखे आहे. विहाराचे जोते बुटके असल्यामुळे आत पाणी शिरले. तेव्हा जोते उंच करण्याची अनुमती मिळाली. उंच केलेले जोते ढासळू लागले; तेव्हा ते विटांनी, दगडांनी किंवा लाकडाने बांधून काढण्यास सांगण्यात आले. उंच जोत्यावर चढताना त्रास होऊ लागला, म्हणून पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून माणसे पडू लागली, म्हणून हाताला आधार देणारा कठडा आला. प्रत्येक नियमामागे एक प्रत्यक्ष अडचण आहे. आजच्या बांधकामाच्या संहिताही अशाच रीतीने तयार झालेल्या आहेत. अपघात घडतो, त्याचे कारण शोधले जाते आणि मग नियम होतो.

आता पहिली पडझड पाहू. ती पाचित्तियातील एकोणिसाव्या नियमाच्या निदानकथेत आली आहे. कोसंबी येथे भिक्खू छन्न यांच्यासाठी त्यांचा उपस्थाक असलेला एक महामात्य विहार बांधवून देत होता. विहार पुरा झाल्यावरही छन्नांनी त्यावर पुन्हा पुन्हा छप्पर घालविले, पुन्हा पुन्हा लेप देवविले. शेवटी तो विहार स्वतःच्याच अतिभाराने कोसळला. त्यानंतर छपराच्या थरांना मर्यादा घालणारा नियम झाला.

दुसरी पडझड वेसालीतील आहे. लोक श्रद्धेने बांधकामे करीत आहेत हे पाहून एका दरिद्री शिंप्याला आपणही काही बांधावे असे वाटले. त्याने स्वतः चिखल तुडविला, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. त्याला ते काम येत नव्हते. भिंत वाकडी झाली आणि पडली. त्याने ती दुसऱ्यांदा बांधली, तिसऱ्यांदा बांधली. तिन्ही वेळा ती पडली. तेव्हा तो संतापून म्हणू लागला की, जे दान देतात त्यांना हे श्रमण मार्गदर्शन करतात, त्यांच्या बांधकामांवर देखरेख ठेवतात. मी दरिद्री आहे म्हणून मला कोणी काही सांगत नाही. ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. त्यांनी ‘नवकम्म’ म्हणजे बांधकामाची देखरेख भिक्खूकडे सोपविण्याची व्यवस्था घालून दिली आणि काम लवकर पुरे कसे होईल, मोडले-तुटलेले दुरुस्त कसे होईल, हे पाहण्याची जबाबदारी त्या भिक्खूवर ठेवली.

एक वास्तू अतिभाराने पडली. दुसरी अकुशलतेने, आणि ती अकुशलता दारिद्र्यामुळे दूर होऊ शकली नाही. लातूरच्या माळवदाच्या घरात ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

माळवदाचे घर

मराठवाड्यात गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. ही पांढरी माती घराच्या छपरासाठी फार उपयोगाची. पाणी सहसा झिरपू न देणारी. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या फळ्या किंवा बारीक दांडके आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद तयार होते. भोवती दगड-चिखलाच्या जाड भिंती. दोन फुटांपासून कित्येक ठिकाणी चार फुटांपर्यंत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे घर थंड राहते, दगड व माती गावातच मिळतात आणि जाड भिंतीमुळे चोराचिलटांपासून संरक्षण होते. त्यामुळे ऐपत असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने जाड भिंत आणि भक्कम माळवद ही प्रतिष्ठेची खूण होती. ही रचना अडाणीपणातून आलेली नव्हती. तिच्यात उन्हाचा आणि पावसाचा विचार होता, भूकंपाचा नव्हता.

पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याची प्रथा होती. वर्षानुवर्षे थर साचत जाऊन कित्येक छपरांवर दोन-दोन फूट माती झाली. साधा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर फूटभर माती असेल, तर तिचे वजन सुमारे पाच टन भरते. दोन फूट असेल, तर दहा टन. छन्नांच्या विहारावर जे घडले, तेच येथे पिढ्यान्‌पिढ्या सावकाश घडत होते.

भिंतीचा दोष याहून सूक्ष्म होता. बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत प्रत्यक्षात दोन भिंतींची असते. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत लहान दगड व चिखल भरलेला. दोन्ही थरांना एकत्र बांधण्यासाठी ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा लागतो. कोपऱ्यात एका भिंतीचे दगड दुसरीत गुंतवावे लागतात. हे बहुतेक घरांत झालेले नव्हते. चिखल वाळला की त्याची पकड सुटते. अशी भिंत वरचे वजन सरळ खाली पेलते तोवर उभी राहते. तिला आडवा हिसका बसला, तर दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि एक आत, एक बाहेर ढासळतो.

दगड-विटांचे काम आपल्या भागाला येत नव्हते, असे मात्र समजू नये. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून ते मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांनी मानले आहे. शतकानुशतके उभी असलेली ती वास्तू किल्लारीपासून फार दूर नाही. कुशल कारागीर आणि त्यांवर देखरेख करणारा जाणता मनुष्य या प्रदेशात होता. तो सामान्य शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच.

३० सप्टेंबरची पहाट

१९९२ च्या उत्तरार्धापासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. परंतु त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. ३० तारखेच्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना सुमारे ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा मध्यम प्रतीचा. तरीही सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही नावे त्या दिवशी देशाला परिचित झाली.

इतकी माणसे का गेली? जमीन हलते तेव्हा घराचे जोते जमिनीबरोबर सरकते. छप्पर मात्र आपल्या जडपणामुळे जागीच राहू पाहते. उभी एस.टी. अचानक सुरू झाली की आत उभ्या असलेल्या माणसाचे पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहते, तसाच हा प्रकार आहे. माणसाच्या डोक्यावर ओझे असेल, तर तो अधिक जोराने कोलमडतो. त्याचप्रमाणे छपराचे वजन जितके जास्त, तितका भिंतीवरचा आडवा हिसका मोठा. न बांधलेली भिंत तो हिसका सोसू शकली नाही. अनेक घरांत लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भोवतीच्या भिंती ढासळून आतील माणसे दगडमातीखाली गाडली गेली. अरुंद गल्ल्या ढिगाऱ्यांनी भरून गेल्याने बाहेर पडणे व मदत पोहोचणे दोन्ही कठीण झाले.

याउलट कुडाच्या भिंतींची, गवताच्या किंवा पत्र्याच्या हलक्या छपराची घरे तुलनेने वाचली. ज्यांना माळवद परवडत नव्हते, अशांची ही घरे. यावरून दारिद्र्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. कुडाचे घर उन्हात, पावसात आणि आगीत काय सोसते, हे त्यात राहणाऱ्यालाच ठाऊक. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, ‘भक्कम’ आणि ‘जड’ हे समानार्थी शब्द नाहीत.

२५०, ४५० आणि ७५० चौरस फूट

पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. अनेक स्वयंसेवी संस्थांनी व देणगीदारांनी गावे दत्तक घेतली. रुंद सरळ रस्ते, चौकटीत आखलेले भूखंड, शाळा, समाजमंदिर अशी नवी गावे उभी राहिली. गुबाळसारख्या गावात घुमटाकार घरेही बांधण्यात आली. दगड-चिखलाची जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी व काँक्रीटने घेतली. भूकंपाच्या दृष्टीने ही घरे निश्चितच अधिक सुरक्षित होती.

परंतु घराचा आकार कसा ठरला? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४५० चौरस फूट. सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने जमीनदाराच्या आणि शेतमजुराच्या कुटुंबात भेद केला नव्हता; पुनर्वसनाने तो सातबाऱ्यावरून केला. २५० चौरस फूट म्हणजे साधारण सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. शिवाय एकाच आकाराची घरे बहुधा एकाच भागात आखली गेली. जुन्या गावात वस्ती गावकुसाबाहेर होती. नव्या गावाला कूस नव्हते; पण घराच्या आकारावरून कोणाची वस्ती कोणती, हे ओळखता येत होते. अनेक भूमिहीन कुटुंबांना आयुष्यात प्रथमच पक्के घर मिळाले, हेही तितकेच खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. नकाशा आखणाऱ्याच्या हातात जी शक्ती असते, ती मात्र येथे स्पष्ट दिसते. रस्ता, भूखंड आणि चौरस फूट यांनीही समाजरचना लिहिली जाते.

सल्ला कोणी दिला?

स्थलांतरित गावांची चर्चा अधिक झाली. पण शिंप्याच्या कथेच्या दृष्टीने दुसरा कार्यक्रम अधिक महत्त्वाचा आहे. अंशतः नुकसान झालेली, परंतु पुन्हा तशाच धोक्यात असलेली सुमारे दोन लाख घरे अनेक जिल्ह्यांत पसरलेली होती. त्यांची दुरुस्ती व बळकटी घरमालकानेच शासकीय साहाय्यातून करावयाची होती.

बळकटीची तंत्रे साधी होती. माळवदावरची जादा माती उतरविणे. खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपा आधार देणे. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वळविलेली सळई ठेवणे व काँक्रीट भरणे, म्हणजे सुटे असलेले दोन थर एकत्र बांधले जातात. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती जाळी व सिमेंटचा अखंड पट्टा देणे, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. पिंपाला लोखंडी पट्टी असते, तसाच हा पट्टा. कच्च्या बांधकामाची भूकंपरोधक क्षमता वाढविण्याची भारतीय मानके त्याच १९९३ साली प्रसिद्ध झाली. रुरकी येथील प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारखे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे हेच सांगत आले होते. म्हणजे ज्ञान देशात होते; किल्लारीच्या गवंड्यापर्यंत त्याची वाट झालेली नव्हती.

ती वाट तयार करण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न याच कार्यक्रमात झाला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने शेकडो गावांतील महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. शासनाची योजना काय आहे, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, पट्टा का द्यावयाचा, गवंड्याकडून काम कसे करून घ्यावयाचे, हे त्या घरोघरी सांगत. ज्या स्त्रीने घराच्या भिंती सारवल्या, पण भिंत कशी बांधावी याविषयी जिचे मत कोणी विचारले नव्हते, ती आता बांधकामावर देखरेख करू लागली. वेसालीच्या शिंप्याला जे हवे होते, ते हेच.

तथापि या कार्यक्रमाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. जुनी भिंत बांधून घेण्यापेक्षा त्याच पैशात सिमेंटची एक नवी खोली काढावी, असे अनेकांना वाटले व त्यांनी तसेच केले. भिंतीच्या पोटातील सळई दिसत नाही. नवी खोली दिसते. त्यामुळे पुष्कळ जुनी घरे होती तशीच राहिली. आजही काही ठिकाणी दगड-चिखलाच्या जुन्या भिंतींवर माळवद काढून स्लॅब घातलेला आढळतो. दहा-बाय-दहाच्या खोलीवरील पाच इंची स्लॅबचे वजन सुमारे तीन टन असते. ते माळवदापेक्षा कमी असले, तरी खालची भिंत जर न बांधलेली, सुटीच असेल, तर धोका टळत नाही. स्लॅब हा भिंतीला पर्याय नव्हे.

उंच इमारती

आता शहराकडे वळू. जिल्ह्याचे ठिकाण, व्यापारपेठ आणि ‘लातूर पॅटर्न’मुळे शिक्षणाचे केंद्र झालेल्या लातुरात वसतिगृहे, शिकवण्या आणि सदनिका यांसाठी जागेची मागणी वाढली. २०११ मध्ये येथे महानगरपालिका झाली. जागा महाग झाली की इमारत उंच होते, हा सर्वत्र दिसणारा क्रम येथेही आला. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर व त्याहून अधिक उंचीच्या वास्तूला ‘उंच इमारत’ मानते; म्हणजे पाच-सहा मजल्यांचा टप्पा गाठला की ही संज्ञा लागू होऊ लागते.

काँक्रीटची इमारत आपोआप भूकंपरोधक होत नाही, हे २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादने दाखवून दिले. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, दोनशे किलोमीटरांहून दूर होते. तरी अहमदाबादमधील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळ इमारतींत तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंतींमुळे ताठरपणा येतो. तळमजल्यावर केवळ खांब असतात. हिसका बसला की सगळी वाकण तळमजल्याच्या खांबांत एकवटते आणि ते मोडले की वरचे मजले अखंड खाली बसतात. माळवदात वजन वर आणि खाली न बांधलेली भिंत. येथे वजन वर आणि खाली उघडे खांब. साहित्य बदलले, पण दोष त्याच जातीचा आहे. अहमदाबाद भूकंपक्षेत्र तीनमध्ये येते. आणि २००२ साली मानकाची सुधारणा झाली, तेव्हा लातूर-किल्लारीचा भागही क्षेत्र तीनमध्ये घालण्यात आला.

यावर उपाय आहेत. तळमजल्यावर दोन्ही दिशांना काही ठिकाणी पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती नेणे, खांब पुरेसे जाड ठेवणे आणि सळयांभोवतीच्या कड्यांकडे लक्ष देणे. या कड्या, ज्यांना बांधकामावर ‘रिंगा’ म्हणतात, त्या खांबाच्या आतील काँक्रीट आवळून धरतात. त्यांची टोके केवळ काटकोनात वाकविली, तर हिसक्याने उघडतात. ती १३५ अंशांत वळवून आतील गाभ्यात घ्यावी लागतात. खांब व तुळई यांच्या सांध्याजवळ दोन रिंगांतील अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, याहून अधिक असू नये. यात खर्च थोडा वाढतो. लक्ष मात्र पुष्कळ द्यावे लागते. काँक्रीट ओतल्यावर रिंग दिसत नाही, म्हणून ओतण्यापूर्वी पाहणाऱ्या माणसाचे महत्त्व.

लातूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विशेष आहे, ती पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. काँक्रीटला ताकद येण्यासाठी त्यावर साधारणपणे किमान सात दिवस, आणि मिश्रित सिमेंट असेल किंवा हवा उष्ण व कोरडी असेल तर दहा दिवस वा अधिक, सतत ओल राहावी लागते. टंचाईच्या वर्षी पाण्याच्या टँकरचे पैसे वाचविण्यासाठी ‘पाणी मारणे’ हेच काम प्रथम तोडले जाते. स्लॅबवर बांध घालून पाणी साठविणे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळणे, शक्य असल्यास भर उन्हाळ्यात स्लॅब न घालणे, हे लातूरच्या माणसाने इतरांपेक्षा अधिक कटाक्षाने पाळावयास हवे.

सार्वजनिक जागा

उंच इमारती वाढल्या की मोकळ्या जागेचे मोल वाढते. लातूरच्या गंजगोलाईचे उदाहरण घ्यावे. निजामी अमलात नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार घडलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्याही दिशेने आलेला मनुष्य मध्यभागी पोहोचतो आणि कोणत्याही दिशेने बाहेर पडू शकतो. सार्वजनिक जागेची हीच पहिली कसोटी आहे : तेथे सर्वांना येता आले पाहिजे आणि संकटकाळी सर्वांना तेथून निघता आले पाहिजे. १९९३ मध्ये खेड्यांतील अरुंद गल्ल्यांत हे दुसरे शक्य झाले नाही.

विनयात या विचारालाही स्थान आहे. संघादिसेसातील कुटी बांधण्याच्या नियमात जागा निर्धोक असावी आणि ‘सपरिक्कमन’ असावी, असे म्हटले आहे. म्हणजे जुंपलेली बैलगाडी किंवा निदान शिडी कुटीभोवती फिरविता यावी, इतकी मोकळी जागा चहूबाजूंनी सुटली पाहिजे. तसेच बांधण्यापूर्वी ती जागा इतर भिक्खूंना दाखवून त्यांची संमती घ्यावयाची आहे. आज नगरपालिका इमारतीभोवती जी मोकळी जागा सोडावयास सांगते, तिचे प्रयोजन याहून फारसे वेगळे नाही. अग्निशमनाची गाडी फिरली पाहिजे, हवा-उजेड आला पाहिजे, शेजाऱ्याची भिंत आपल्यावर आणि आपली त्याच्यावर पडू नये.

राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, तेव्हा ते आलेल्या व न आलेल्या, चारही दिशांच्या संघासाठी अर्पण करण्यास त्याला सांगण्यात आले. सार्वजनिक वास्तूची याहून व्यापक व्याख्या करणे कठीण आहे. जे अजून आलेले नाहीत, त्यांचाही तिच्यावर हक्क आहे. म्हणून ती आजच्या सोयीपुरती बांधून चालत नाही.

आपली विहारे

आपल्या वस्त्यांतील विहारे बहुधा वर्गणीतून उभी राहिली आहेत. प्रथम जागा, मग पत्र्याचे छप्पर, काही वर्षांनी स्लॅब, पुढे वरचा मजला, त्यावर घुमट किंवा कळस, असा त्यांचा क्रम असतो. रोजंदारी करणाऱ्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा त्यांत आहे. म्हणूनच त्यांची काळजी अधिक. खालचा पाया एका मजल्यासाठी घातलेला आणि वर दुसरा मजला व घुमट चढविलेला, असे होत असेल, तर छन्नांच्या विहाराची गोष्ट आठवावी. वस्तीतलाच गवंडी विनामोबदला काम करतो, पण खांबाची जाडी व सळईचे माप त्याला कोणी सांगत नाही, असे होत असेल, तर शिंप्याची गोष्ट आठवावी. बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला याच वास्तूत शेकडो माणसे, लहान मुले एकत्र येतात.

नवकम्माचे नियम या दृष्टीने आजही उपयोगी आहेत. कामाचे स्वरूप पाहून देखरेखीचा काळ ठरवावयाचा : लहान विहाराला पाच-सहा वर्षे, अड्ढयोगाला सात-आठ, मोठ्या विहाराला किंवा पासादाला दहा-बारा. एकाच माणसाकडे एका वेळी दोन कामे द्यावयाची नाहीत. किरकोळ मातीकामाला नवकम्माचे नाव द्यावयाचे नाही. या नियमांत देखरेख ही मानाची पदवी नसून जबाबदारी आहे.

प्रत्येक विहार समितीने आपल्यातील एका जाणत्या उपासक वा उपासिकेकडे हे काम द्यावे. आपल्या समाजातून आता स्थापत्य अभियंते मोठ्या संख्येने तयार झाले आहेत. त्यांच्याकडून पाया, खांब व स्लॅब यांची तपासणी करून घ्यावी आणि तिची नोंद विहाराच्या दप्तरात ठेवावी. नवा मजला चढविण्यापूर्वी खालचा आराखडा काढून पाहावा. तो नसेल, तर तपासणी झाल्याशिवाय वर विटाही चढवू नयेत. दोन्ही दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत आणि वास्तूभोवती मोकळी जागा राखावी. त्याच अभियंत्याला वर्षातून एक रविवार विहारात बसवून वस्तीतील गवंड्यांना व घर बांधणाऱ्या कुटुंबांना रिंग कशी वळवावी, पट्टा कोठे द्यावा, पाणी किती दिवस मारावे हे समजावून सांगण्यास सांगावे. शासकीय अनुदानातून मिळणाऱ्या छोट्या घरकुलापासून चार मजली वसतिगृहापर्यंत, जो बांधतो आहे आणि ज्याला विचारावयास कोणी नाही, त्याच्यापर्यंत हे ज्ञान गेले पाहिजे. शिंप्याच्या तक्रारीचे निवारण संघाने स्वतः पुढाकार घेऊन केले होते. त्याला आणखी कुशल होऊन ये, असे सांगितले नव्हते.